ठकूबाईचं अर्धं वाक्य

ठकूबाईच्या घरात कॅलेंडर नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. गावात एखादी गोष्ट कधी घडली असं विचारलं, की ती डोळे बारीक करायची, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची आणि सांगायची, "डांबरी रस्ता ना? तवा बारक्याची सुमन झाली. रोलर वाडीपाशी घरघरत होता, आन् इकडं हिची आय वरडत होती. कोनाचा आवाज मोठा तेच कलत नव्हतं."

ठकूबाई सुईण होती. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दोन डोंगरांच्या बेचक्यात आमचं गाव आहे. गाडीरस्ता होईपर्यंत, आणि झाल्यावरही कितीतरी वर्षं, गावातली बहुतेक मुलं तिच्याच हातात जन्मली. मीही त्यातलाच. ओढ्याला पूर आला होता आणि पलीकडे जायला वाट नव्हती, तेव्हा बौद्धवाडीतून तिला बोलावून आणलं. माझी नाळ तिने कापली. पुढे शिकून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि फिरत फिरत माझ्याच गावच्या शाळेत आलो, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे गेली होती. मला सगळं गाव 'सर' म्हणायचं. ती 'विलास' म्हणायची.

दिसायला लहानखुरी, काटक. हातांवर गोंदण, केस पांढरेशुभ्र आणि घट्ट बांधलेले. तिच्यात डोळ्यांत भरायची ती तिची नखं. सुईणपण सुटून पंधरा वर्षं झाली तरी ती रोज सकाळी नखं कापायची. कुणी भेटलं की आधी हात हातात घेऊन त्याची नखं बघायची. माझीही बघायची, भर शाळेत, मुलांच्या समोर. "मास्तर झाला तरी घान तशीच," म्हणायची, आणि मुलं खूश व्हायची.

मी तिच्याकडे मुलांना घेऊन गेलो त्याला कारण होतं. पाठ्यपुस्तकात किल्ले होते, राजे होते, लढाया होत्या. आमचं गाव कुठेच नव्हतं. मुलांना वाटायचं, आपल्याकडे कधी काही घडलंच नाही. म्हणून मी एक उपक्रम काढला. मुलांनी म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे, मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा, शाळेच्या कॉम्प्युटरवर गावाचा नकाशा करायचा आणि प्रत्येक जुन्या जागेवर क्यूआर कोडची पाटी लावायची. पाटीसमोर मोबाईल धरला, की त्या जागेची गोष्ट ऐकू येणार.

पहिल्याच दिवशी ठकूबाईने आम्हाला खोटं पाडलं. शाळेच्या भिंतीवर स्थापनेचं वर्ष रंगवलेलं आहे. ती म्हणाली, "हे चुकलंय. शाला सुरू झाली तवा मी दहाची पन नव्हते. पयल्या दिवशी मास्तरनी वडाखाली पोरं बसवली, त्यात आमच्या वाडीतला एक पोरगा होता, लांब बसवलेला. त्याचं नाव बघा." मुलांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. पहिल्याच पानावर, सातव्या ओळीत ते नाव सापडलं, आणि तारीख भिंतीवरच्या वर्षाच्या दोन वर्षं आधीची निघाली. वर्गात आरडाओरडा झाला. त्या दिवसापासून मुलं तिच्या नादी लागली. ती सांगायची अमक्याच्या जन्माला हे घडलं. मुलं त्या अमक्याची जन्मतारीख रजिस्टरमध्ये शोधायची आणि नकाशावर तारीख टाकायची. ठकूबाईच्या बोटांची पेरं आणि शाळेचं रजिस्टर अशी दोन टोकं जोडून आमच्या गावाचा इतिहास तयार होत होता. मी बीएड केलंय, प्रशिक्षणंही खूप केली. इतिहास असा शिकवतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तिनेच शिकवली. देवळामागे एक वीरगळ आहे, झिजलेला दगड, वर लढणारा माणूस कोरलेला. गावात त्याची मोठी गोष्ट सांगतात. ठकूबाईनेही ती रंगवून सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "हे ऐकलेलं हां. पाह्यलेलं नाय. तसं ल्हिवा." प्रत्येक गोष्टीनंतर ती हे सांगायचीच. पाहिलेलं असेल तर बोट डोळ्याला लावायची, ऐकलेलं असेल तर कानाला. मुलांना ते इतकं आवडलं, की त्यांनी नकाशावर प्रत्येक गोष्टीशेजारी छोटं चित्र टाकायला सुरुवात केली. डोळा म्हणजे पाहिलेलं, कान म्हणजे ऐकलेलं. एकदा एका मुलीने लिहिलं, "ठकूआजींनी पाचशे बाळंतपणं केली." ठकूबाईने ते वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. "मी मोजली नायत गो. मोजली नायत ते कसं ल्हिवायचं?"

शाळेत आली की तिला चहा दिला जायचा. पिऊन झाल्यावर ती कप स्वतः धुवायची आणि बाकीच्या कपांपासून जरा दूर, खिडकीत पालथा घालायची. मला वाटायचं, स्वच्छतेची सवय, सुईणच ती. दोन वर्षं मला असंच वाटत होतं.

मग विहिरीची पाळी आली. गावाच्या मध्यावर पायऱ्यांची दगडी विहीर आहे. कमान आहे, कोनाडे आहेत, एका दगडावर पुसट अक्षरं आहेत. आमच्या नकाशातली सगळ्यांत देखणी जागा तीच. तिथे कुणाचा आवाज लावायचा यावर मुलांचं एकमत होतं. ठकूबाई वरच्या पायरीवर बसली, मी मोबाईल धरला. माझी मुलगी ईशा तेव्हा सातवीत होती, शाळेत ती मला सरच म्हणायची. प्रश्न तिने विचारला, "आजी, या विहिरीचं पाणी कसं होतं?"

ठकूबाई म्हणाली, "पानी लय गोड, असं ऐकलेलं." आणि बोट कानाला लावलं.

मुलं हसली. त्यांना वाटलं, आजीने गंमत केली. मग ती पुढे बोलत राहिली आणि हसणं थांबलं.

तिच्या लहानपणी वाडीतल्या कुणालाही या विहिरीची पायरी उतरायची मुभा नव्हती. त्यांचं पाणी ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या डवऱ्यातलं. बाया वाटीवाटीने भरायच्या, गुरं वरून तेच पाणी घाण करायची. धम्मदीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात डवरा आटला. वाडीतली माणसं बसली आणि ठरवलं, आता आपण विहिरीवर जायचं. सकाळी उजेडी, सगळ्यांच्या देखत. सात-आठ बापये, चार बाया आणि ठकूबाई, बारा वर्षांची, डोक्यावर नवं मडकं. ती खाली उतरली. मडकं भरलं. वर आली, तेव्हा पायरीवर एक बाई उभी होती. त्या बाईने तिच्या डोक्यावरचं मडकं उचललं आणि दगडावर आपटलं.

"आंगावर सगलं पानी आलं," ठकूबाई म्हणाली. "त्वांडात पन गेलं नाय. मी त्वांड मिटलेलं. भ्याले होते." बोट डोळ्याला.

तिने त्या बाईचं नावही सांगितलं. ते माझ्या आजीचं नाव होतं.

मग तिने उरलेलं सांगितलं. पुढच्या वर्षी वाडीतल्या माणसांनी स्वतःची विहीर खणली, बाया रात्रंदिवस माती उपसत होत्या. ही विहीर मात्र तशीच राहिली. "नल आला आन् कोनाला हिची गरज उरली नाय, तवा ही सगल्यांची झाली. तवर शेवाल धरलेला. मी काय ते पानी प्याले नाय." आणि शेवटी, माझ्याकडे न बघता, "हे पन घाल. त्याच बायेच्या सुनेला मी सोडवलं. पुराच्या दिवशी. मला गोठ्याकडनं आत घेतली. पोरगं आडवं होतं, सहा तास गेले. ती बाय माजा हात धरून रडत होती, सोडीत नव्हती. पोर रडलं तवा तिनं माज्या हातानं पानी मागितलं आन् प्याली. हे पाह्यलेलं."

ते पोर म्हणजे मी. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं झालं.

पाट्या लावण्याआधी मी सगळी रेकॉर्डिंग भाऊकाकांना ऐकवली. ते माझे सख्खे काका, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. शाळेचं छप्पर त्यांनी खटपट करून घालून घेतलं, माझ्या शिक्षणात त्यांचा हात आहे. विहिरीचं रेकॉर्डिंग ते मडकं फुटेपर्यंत ऐकत होते. तिथे त्यांनी हात वर केला.

"बंद कर."

"काका, पुढे अजून आहे. आजीचं चांगलंही सांगितलंय तिने."

"बंद कर म्हणतो ना."

मी बंद केलं. ते पायातली चप्पल हलवत बसले.

"ती खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"खोटं कुठं म्हणतोय मी? पण खरं असलं म्हणून सगळं पाटीवर लावायचं असतं का? आई जाऊन वीस वर्षं झाली. ती उत्तर द्यायला येणारे का? उद्या कुणीही येईल, मोबाईल लावील, माझ्या आईचं नाव ऐकील. आणि आता गावात काय भांडण आहे का? सगळे एकत्र जेवतात. तू कशाला उकरतोस? तू मास्तर आहेस, तू शिकव."

मला बोलता आलं असतं. पुढची चार मिनिटं ऐका, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्यात त्यांची आई माणसासारखी रडत होती. मी म्हणालो, "बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी जेवून झाल्यावर, मी लॅपटॉप उघडला. बायको मागे भांडी लावत होती. अशा कामाला काही वेळ लागेल, हात अडखळतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आवाजाची निळी रेघ पडद्यावर असते, हवं तिथे खूण करायची आणि उरलेलं पुसायचं. सुरुवातीला तिने कमानीचं, कोनाड्यातल्या दिव्याचं, दगडावरच्या अक्षरांचं सांगितलं होतं. ते ठेवलं. ईशाचा प्रश्न ठेवला. "पानी लय गोड" ठेवलं. आणि 'असं ऐकलेलं' हे दोन शब्द, त्यानंतरची सगळी मिनिटं काढून टाकली. शेवटी बासरी लावली.

शाळेत मुलं नकाशा पूर्ण करत होती. ईशाने विचारलं, "सर, विहिरीच्या पाण्याला कान लावायचा ना?"

मी म्हणालो, "डोळा लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती तिथे होती, तिने स्वतः ऐकलं होतं. पण मी बाबा होतो आणि सरही होतो. तिने डोळा लावला. माझ्या नोकरीत मी मुलांना कितीतरी चुकीचं शिकवलं असेन, माहीत नसल्यामुळे. हे मी माहीत असून शिकवलं.

उद्घाटनाला तालुक्याहून अधिकारी आले होते. शाळेच्या अंगणातून सगळे विहिरीवर गेले. ठकूबाई पांढरं, इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. मुलांनी तिला पुढे उभं केलं. एका अधिकाऱ्याने मोबाईल पाटीसमोर धरला आणि तिचा आवाज घुमला. कमान, दिवा, अक्षरं. मग ईशाचा प्रश्न, मग "पानी लय गोड", आणि बासरी. टाळ्या वाजल्या. अधिकारी म्हणाले, "वा! काय मातीतला आवाज आहे!"

ठकूबाईने शेजारच्या मुलीला विचारलं, "संपलं?"

"हो आजी."

ती त्या पाटीकडे बघत राहिली, एखाद्या बाळंतिणीकडे बघावं तसं, आता काय करायचं याचा अंदाज घेत. मग चहा आला. तिने चहा घेतला, कप धुतला आणि बाजूला पालथा घातला. त्या दिवशी मला तो कप दिसला. म्हणजे खरंच दिसला. मी उठून तो बाकीच्या कपांत ठेवायला हवा होता. मी अधिकाऱ्यांना वाट दाखवत होतो.

आठवड्याने ती शाळेत आली. मी वर्गाबाहेर आलो. नखं बघितली नाहीत तिने.

"विलास, बाकीचं कुठाय?"

मी म्हणालो, "मावशी, मोबाईलमधी जागा कमी पडली. तेवढंच बसलं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं होतं की नाही, आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मंग असं कर. बालंतपनाच्या गोष्टी काढ. त्या लोकांच्या घरी हायेत, त्यास्नी ठावं हायेत. त्यांची जागा व्हईल ना? त्यात विहिरीचं घाल."

तिच्या सगळ्या आयुष्याचं काम ती त्या अकरा मिनिटांसाठी द्यायला तयार होती. मी 'बघतो' म्हणालो. काकांना म्हणालो होतो, तसंच.

आमच्या उपक्रमाचं पुढे कौतुक झालं. शहापूरला शिक्षकांसमोर मी तो दाखवला. डोळ्याच्या आणि कानाच्या चित्रांबद्दल सांगितलं, ते सगळ्यांना फार आवडलं. एका शिक्षिकेने विचारलं, "मुलांना पुरावा म्हणजे काय हे इतकं सोपं करून सांगायची कल्पना तुम्हाला कशी सुचली?" मी म्हणालो, "गावातल्या एका आजींकडून." नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर कुणीतरी पुढचं विचारलं असतं, अशी भीती वाटली.

ठकूबाई त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. तिच्या मुलाने आसनगावला नेलं होतं, तिथेच. तिसऱ्या दिवशी मी पूर्ण अकरा मिनिटं पाटीमागे लावली. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. ते मी पुसलं नव्हतं, एवढी अक्कल होती, किंवा एवढंच धैर्य. नकाशावर विहिरीच्या पाण्याला डोळ्याच्या जागी कान लावला. काकांना सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. गावात भांडण झालं नाही. कुणी माझ्या घरावर आलं नाही. काही लोकांनी ऐकलं, वाडीतल्या एका म्हाताऱ्याने मला रस्त्यात थांबवून नुसता हात धरला. ज्याला मी भ्यालो होतो ते कुठे नव्हतंच. ती जिवंत असताना हे सगळं तितकंच सोपं होतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते ती आसनगावला जाण्याआधी, एका शनिवारी. सकाळची शाळा सुटली होती. मी मोटारसायकलवर घरी निघालो तर विहिरीपाशी मुलांनी रस्ता अडवलेला. म्हणून इंजिन बंद करून थांबलो. दहा-बारा मुलं होती. एकाने मोबाईल पाटीसमोर धरला होता, आणि पाटीखालच्या दगडावर ठकूबाई बसली होती, मांडीवर हात ठेवून. नंतर मला कळलं, की ती तीन-चार शनिवार तिथे येत होती.

रेकॉर्डिंग चाललं होतं. "पानी लय गोड." बासरी वाजली. तिने हाताने खूण करून मोबाईल बंद करायला लावला.

"झालं त्याचं? आता म्होरलं मी सांगते," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. डवरा, उन्हाळा, सात-आठ बापये, नवं मडकं. मुलं जमिनीवर बसली होती. आवाज बारीक झाला होता तिचा, मध्ये मध्ये धाप लागत होती, तेव्हा ती थांबायची आणि मुलंही थांबायची. मडकं फुटलं तिथे एका पोराने "च्" केलं.

ईशा पुढेच बसली होती. तिने विचारलं, "आजी, ती बाई कोण होती?"

त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या वेळी ती तिथेच होती, नाव तिने ऐकलं होतं. पण ते नाव कुणाचं, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या जन्माआधीच माझी आजी गेली आणि आमच्या घरात तिला सगळे नुसतं 'मोठी आई' म्हणायचे.

ठकूबाईने मुलांच्या डोक्यांवरून पाहिलं. मी तिथे आहे हे तिला आधीच दिसलं असावं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"नाव तिच्या घरच्यांनी सांगायचं, बाय," ती म्हणाली. "मी किती वेला सांगू?"

मग ती त्या दगडावर जराशी सरकली. एका माणसाला बसता येईल एवढी जागा तिने शेजारी केली आणि तिथली धूळ हाताने पुसली.

मुलांनी मागे वळून पाहिलं. ईशानेही पाहिलं. मी किक मारली. "बाजूला व्हा रे," म्हणालो, आणि मुलांनी वाट दिली.